बारागाड्यांचा उतार

शेहेचाळीस वर्षांत तोताराम टेलरने उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे त्याची शिलाई मशीन. तीसुद्धा एकदाच, ओट्यावरून आतल्या खोलीत नेताना. अर्ध्या वाटेत ती टेकवून त्याने बायकोला हाक मारली होती. रत्नाने एका बाजूने धरलं, मशीन आत गेली, आणि तोताराम पुढचे दोन दिवस कंबरेला बाम चोळत बसला.

असा हा माणूस. मान बारीक, दंड बारीक, पोट मात्र नवसाने मिळाल्यासारखं गोल. आणि दसऱ्याच्या दिवशी देवळासमोर बसून गावाने ठरवलं, की येत्या चैत्रात बारागाड्या यानेच आणायच्या.

सोनगीरच्या किल्ल्यावरून पाहिलं, तर हायवेच्या पल्याड निंबाच्या झाडांत लपलेलं गाव दिसतं, ते तोतारामचं. चैत्राच्या पुनवेला तिथे खंडेरावाची यात्रा भरते. बारा बैलगाड्या एकामागे एक साखळदंडाने जोडतात. बैल एकही नाही. गाड्यांत माणसं खच्चून बसतात. पोरंटोरं, नवी जोडपी, नवस फेडणारे. आणि सगळ्यात पुढच्या गाडीचं जू दोन्ही हातांत धरून भगत ती सगळी माळ वेशीपासून देवळापर्यंत आणतो. त्याला सांभाळायला डावी-उजवीकडे दोन बगले. बाकीच्या गावांत भगत पुढे तोंड करून चालतो. या गावची रीत उलटी. भगताचं तोंड गाड्यांकडे, पावलं मागे मागे. पाठ देवाच्या हवाली, असं जुनी माणसं म्हणत.

भगतपण तोतारामच्या घरात. आधी आजोबा, मग वडील, मग थोरला भाऊ अभिमन. अभिमन म्हणजे दरवाजातून आत यायचा तर दरवाजालाच संकोच वाटावा असा गडी. त्याने वर्षानुवर्षं गाड्या आणल्या. मागच्या चैत्रात मात्र देवळाच्या अलीकडे त्याचा उजवा खांदा सटकला, जू खाली गेलं, आणि पुढच्या गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. तोताराम तेव्हा पाच हातांवर उभा होता, हातात भंडाऱ्याचं ताट. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला होता. लोकांना वाटलं नारळ फुटला.

तो आवाज तोतारामच्या कानातून गेलाच नाही. हायवेवरून भरलेली ट्रॉली गेली की तो दोन्ही कानांवर हात ठेवायचा. मशीनचं चाक फिरवताना तो हल्ली दुसरीकडे बघायचा. शिवण वाकडी पडायला लागली. शाळेच्या एका पोराच्या चड्डीला त्याने दोन्ही पाय डावेच शिवले.

"भाऊ, मन्हाकडथून व्हवाव नही," दसऱ्याला घरी आल्यावर तो अभिमनला म्हणाला. "माले भेव लागस."

अभिमन खाटेवर बसला होता, कुबडी भिंतीला. "भेव कसानं? गाड्या आपण वढतस का? देव वढस. आपण नुसता हात लावतस."

"तुमना नवलले सांगा ना. जवान पोर्‍या शे."

"नवलनं लगीन व्हयेल नही. कुवारा पोर्‍या जूले हात लाई नही शकत, तुले माहीत नही?" अभिमनचा आवाज चढला, मग उतरला. "आजाना वखतले गाड्या आडन्या व्हत्या. त्या साले गावमा पटकी उनी. घरदीठ माणूस गया. इसरी गया का?"

तोताराम विसरला नव्हता. ही गोष्ट गावात दुधाबरोबर पाजतात. गाड्या एकदा हलल्या की देवळापर्यंत थांबायच्या नाहीत. थांबल्या तर वर्ष वाईट. म्हणजे हातात जू घेतलं की दोनच वाटा. देऊळ, नाही तर चाक.

त्याची पोरगी भाविका दाराआडून हे सगळं ऐकत होती. भाविका अकरावीला, रोज एसटीने धुळ्याच्या शाळेत जायची. पावसाळ्यात तिला शाळेच्या कबड्डीच्या टीममध्ये घेतलं होतं, आणि तेव्हापासून जगातलं प्रत्येक संकट हे केवळ सराव कमी पडल्यामुळे येतं असं तिचं ठाम मत झालं होतं. गणितात कमी मार्क? सराव. आईच्या पोळ्या वातड? सराव.

"पप्पा," ती रात्री जेवताना म्हणाली, "आपण जिम लावायची."

"आपण म्हणजे कोण?"

"आपण म्हणजे तुम्ही."

तोतारामचा घास हातातच राहिला. "भगताने जिम लावायची? लोक काय म्हणतील? देवावर भरवसा नाही म्हणून लोखंड उचलतोय म्हणतील."

"लोकांना सांगतंय कोण? धुळ्याला कापड आणायला जाताच ना तुम्ही? आता जास्त कापड लागतं, असं समजायचं."

रत्ना भाकरी थापता थापता म्हणाली, "इतकं कापड, तर कापड आणायला जातात का विणायला जातात, असं विचारेल कोणी." पण ती नको म्हणाली नाही. तिनेही तो आवाज ऐकला होता.

दिवाळी झाली आणि दोघं बापलेक धुळ्याला गेले. एका वेल्डिंगच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून, हसीबची जिम होती. खाली ठिणग्या उडायच्या, वर घाम. तोताराम दारातच थबकला. चारही भिंतींना आरसे. शिंप्याला आरशाची काय भीती, पण त्याच्या आरशात नेहमी दुसरा कोणी उभा असतो. इथे जिकडे पाहावं तिकडे तोताराम. बाजूने तोताराम, मागून तोताराम, आणि सगळ्या तोतारामांना पोट.

हसीब तिशीतला, हसरा, दाढी राखलेला. "काका, पहिले कधी एक्सरसाइज केलीये?"

"शिलाई केली."

"चालेल, ती पण पायाची एक्सरसाइजच," हसीब म्हणाला आणि भाविका खुदकन हसली. "काय करायचंय? वजन कमी, का बॉडी?"

तोतारामने भाविकाकडे बघितलं. मग चाचरत म्हणाला, "एक जड गाडी ओढायची आहे. चैत्रात."

"ओढायची! मग पाठ, दंड, मनगट. हो जायेगा."

त्याने आधी नुसता दांडा दिला, वजन न लावलेला. तोताराम वाकला, दांडा छातीकडे ओढला, आणि दुसऱ्याच वेळी तो अर्ध्यातूनच परत जमिनीला टेकवला. बाजूला एक पोरगा तसल्याच दांड्याला दोन्हीकडे चाकं लावून खेळवत होता. लोखंडाची चाकं. काळी, गोल. तोतारामने नजर फिरवली, तर आरशातही तीच चाकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बनियन डोक्यावरून काढता येईना. रत्नाने ओढून काढलं. दुपारी एक गिऱ्हाईक शर्टाचं माप द्यायला आलं, त्याच्या छातीभोवती टेप धरताना तोतारामचे हात असे हलत होते की गिऱ्हाईक म्हणालं, "काय हो टेलर, गुदगुल्या करी र्‍हायनात का?"

तरी तो जात राहिला. धाडस होतं म्हणून नाही, घरी बसलं की तो आवाज यायचा म्हणून. जिममध्ये लोखंडाचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा होता. घामाचा टी-शर्ट घरी आतल्या खोलीत, शाळेच्या गणवेशांच्या ढिगाखाली वाळत घालायचा. शेंगदाणे आणि मठाची उसळ रत्ना न बोलता जास्त वाढायची. थंडी सरली. एके दिवशी त्याने कोणी नाही बघून स्वतःच्याच दंडाला टेप लावली. शिंप्याची टेप खोटं बोलत नाही. दंड वाढला होता. त्याने टेप काढली, परत लावली. वाढलाच होता. क्षणभर, नुसता क्षणभरच, त्याला वाटलं, जमेल.

आणि त्याच आठवड्यात भाविकाने मोबाइल आणून त्याच्या पुढ्यात धरला.

"पप्पा, हे बघा. नवलदादाच्या मित्राने मागच्या वर्षी काढलेला व्हिडिओ."

"नको."

"बघा ना. शेवटचं नाही दाखवत. त्याच्या जरासं आधीचं."

तोतारामने डोळे किलकिले करून बघितलं. गर्दी, भंडाऱ्याचा पिवळा धुरळा, येळकोट येळकोट. अभिमन जू धरून मागे मागे येतोय. पाण्याच्या टाकीपर्यंत त्याचं अंग मागे झुकलेलं, पाय रोवलेले, ओढतोय. टाकी गेली. आणि मग...

"दिसलं?" भाविकाने व्हिडिओ थांबवला. नेहमी टणटण वाजणारा तिचा आवाज बारीक झाला होता. "टाकीनंतर अभिमनआबा ओढत नाहीयेत. बघा, पुढे झुकलेत. ढकलतायत. गाड्यांना मागे ढकलतायत."

तोताराम बघत राहिला. टाकीपासून देवळापर्यंत उतार. तो पहिल्यापासूनच होता, पण पूर्वी तिथे भुसभुशीत माती होती आणि गाड्यांना लाकडी चाकं. चाकं मातीत रुतायची, रडतखडत यायची. मग एकेक करत सगळ्यांच्या गाड्यांना टायर आले. आणि मागच्या यात्रेच्या आधी गल्लीत काँक्रिट झालं, गुळगुळीत, पाणी ओतलं तर देवळाच्या पायरीला जाऊन लागावं असं. रीत तीच राहिली, भगत तोच राहिला, खालचा रस्ता तेवढा बदलला, आणि ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्या उतारावर बारा गाड्या आपण होऊन येतात. माणसांनी भरलेल्या. त्यांना ओढावं लागत नाही. अडवावं लागतं. एका माणसाच्या दोन हातांनी.

"मी चार महिने ओढायला शिकलो," तोताराम हळूच म्हणाला.

भाविकाने मोबाइल पालथा ठेवला. सराव हा शब्द तिने त्या दिवशी तोंडातून काढला नाही.

हसीबला आता खरं सांगावंच लागलं. त्याने व्हिडिओ दोनदा पाहिला आणि त्याचं हसू गेलं. "काका, ये पहिले बोलना था ना." मग त्याने तोतारामला बाकावर आडवं झोपवलं आणि वरून दांडा हातात दिला. वजन छातीवर येऊ द्यायचं आणि वर लोटायचं. "हे तुमचं जू. हे तुमच्यावर येणार. येऊ द्यायचं नाही. आणि हे ऐका, सगळ्यात महत्त्वाचं. डोक्याशी एक माणूस उभा असतो. हात असे खाली पसरून. तुमच्यानं झेपेना झालं की 'बस' म्हणायचं. तो उचलणार. यात लाज नाही. पैलवान पण म्हणतो."

डोक्याशी भाविका उभी राहायची. तळवे वर करून, दांड्याच्या जरा खाली. आडवं पडल्यावर तोतारामला छताचा पंखा दिसायचा आणि लेकीचे ते दोन तळवे.

यात्रा जवळ आली तशी वजनं वाढली. ओढणं आणि लोटणं यात जमीन-अस्मानाचा फरक होता. ओढताना वजन सोडलं तर ते जमिनीवर पडतं. इथे सोडलं तर ते अंगावर. एका रविवारी हसीब खाली फोनवर बोलत होता. तोतारामने दांडा छातीपर्यंत आणला, वर लोटायला गेला, आणि दांडा मध्येच अडकला. वर जाईना.

"पप्पा, बस म्हणा," भाविका म्हणाली.

तो बोलला नाही. दात आवळले.

"पप्पा! बस म्हणा ना! घेऊ का?"

त्याने मान हलवली. नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आजोबा, वडील, भाऊ, सगळे जणू छताला टेकून बघत होते. दांडा इंच इंच खाली आला आणि छातीवर बसला. श्वास गेला. डोळ्यांपुढे पिवळं झालं, भंडाऱ्यासारखं. भाविकाने दोन्ही हातांनी दांडा ओढला, तिच्या एकटीने तो हलेना, आणि ती अशी किंचाळली की खालची वेल्डिंग थांबली. हसीब जिना तीन उड्यांत चढून आला.

तोताराम उठून बसला तेव्हा त्याच्या छातीवर लाल वळ होता, आडवा, जुवाएवढा रुंद.

"काका, बस म्हणायला काय होतं?" हसीबचा आवाज चिडलेला आणि घाबरलेला, दोन्ही. "पोरगी बघा कशी कापते."

एसटीत भाविका खिडकीबाहेर बघत बसली. कापडण्याचा फाटा गेल्यावर म्हणाली, "आबांना पण तेव्हा कळलं असेल ना, खांदा जातोय म्हणून? लगेच नाही ना जात." थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांनी पण बस म्हटलं नसेल."

तोतारामने छातीवरचा वळ शर्टावरून चाचपला. त्याला वाटलं होतं भीती गाड्यांची आहे. ती तर होतीच. पण तिच्या खाली आणखी एक होती, तिच्याहून जुनी. एक साधा शब्द तोंडातून न निघण्याची.

यात्रेच्या चार दिवस आधी भाविकाने नवलला गाठलं. नवल म्हणजे अभिमनचा मुलगा, या वर्षी उजव्या बाजूचा बगल्या. तिने सरळ सांगितलं, "दादा, पप्पा 'बस' म्हणाले तर शिट्टी मारायची. तुझे मित्र चाकांजवळून चालतील. प्रत्येकाकडे टॉवेलात गुंडाळलेला एक दगड. शिट्टी झाली की चाकाखाली."

"येडी व्हयनी का? देवना गाड्यासले दगड लावू? आबा माले घरमा घेतीन का?"

"आबांचा पाय तूच रोज धुतोस ना?"

नवल जायला निघाला, परत वळला. मग म्हणाला, "काका म्हणाला तरच. नही म्हणाला तर मी शिट्टी नही मारणार."

"म्हणतील," भाविका म्हणाली. तिच्या आवाजात खात्री होती. तोताराम पडद्याआड काजं करत बसला होता, त्याच्यात मात्र ती नव्हती.

पुनवेच्या दिवशी ऊन असं की काँक्रिटवर पापड भाजावेत. तोतारामला हळद लावली, धोतर नेसवलं, डोक्याला लाल फेटा बांधला. उपासाने तोंडाला कोरड पडली होती. रत्नाने ओवाळताना त्याच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघंही तिथेच बसले असते. वेशीवर बारा गाड्या उभ्या होत्या, शेवटची तर त्याला दिसतही नव्हती. माणसं टपांवर, धुऱ्यांवर, एकमेकांच्या मांडीवर. एक बाई तान्हं घेऊन पुढच्याच गाडीत बसली होती आणि त्या तान्ह्याचा हात धरून तोतारामला टाटा करत होती.

"काका," नवल कानाशी म्हणाला, "मी शे बरं."

तोतारामने जू धरलं. लाकूड तापलेलं होतं, हळदीने निसरडं. भंडारा उधळला गेला, येळकोट येळकोट जय मल्हार, ढोल असे वाजायला लागले की स्वतःचा श्वासही ऐकू येईना. त्याने पाय रोवले आणि ओढलं.

गाड्या हलल्या.

लोक ओरडले, देव आला, देव आला. तोतारामला देव कुठे आहे ते कळेना, त्याला त्याची पाठ कळत होती, आणि चार महिने ओढलेलं लोखंड कळत होतं. पाऊल मागे, पाऊल मागे. दुकान गेलं. मारुतीचा पार गेला. हात धरून होते. आणि मग डोळ्याच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी आली, निळी, आणि जुवाचं वजन एकदम नाहीसं झालं.

एक पाऊल अगदी हलकं पडलं. सुखाचं. आणि पुढच्या पावलाला बाराच्या बारा गाड्या त्याच्या छातीवर आल्या.

त्याने कोपरं ताठ केली. पुढे झुकला. टायर काँक्रिटवर सळसळत होते, सापासारखे. मागच्या वर्षीही असेच सळसळले असतील, ढोलात कोणाला ऐकू आलं नव्हतं. पावलं आता तो टाकत नव्हता, ती त्याच्याकडून टाकली जात होती. मागे मागे, जरा जास्त भरभर. बगले दोन्ही बाजूंनी त्याला धरून होते पण तेही घसटत चालले होते. कोपरं वाकायला लागली. जू छातीला टेकलं, बरोबर त्या वळावर. गाडीतली बाई अजून हसत होती. तिला काय माहीत. तान्हं झोपलं होतं.

बस, तो मनात म्हणाला. तोंडातून काही आलं नाही.

पटकी. घरटी माणूस. आजोबा. या घराचं भगतपण तोताराम शिंप्याने घालवलं. डावा खांदा जळायला लागला, मग जळायचाही थांबला, आणि ते जास्त वाईट होतं. अजून देऊळ कुठे होतं? त्याला मागे बघता येत नव्हतं. पाठ देवाच्या हवाली.

तेवढ्यात टाकीच्या पायऱ्यांवर, बायकांच्या गर्दीत, त्याला भाविका दिसली. सगळ्या बायकांचे हात जोडलेले होते. भाविकाचे नव्हते. तिने दोन्ही हात पुढे केले होते, तळवे वर, बोटं पसरलेली. जशी बाकाच्या डोक्याशी उभी राहायची तशी. इतक्या लांबून. जणू त्या बारा गाड्या ती हातांवर घेणार होती.

"बस," तोताराम म्हणाला.

तो शब्द त्याचा त्यालाच ऐकू आला नाही. नवलने मान वळवली. "काय?"

"बस! नवल, बस!"

नवलच्या चेहऱ्यावर अख्खं गाव येऊन गेलं. मग त्याने शिट्टी मारली.

टॉवेल उडाले. पहिला दगड चाकाखाली गेला आणि निसटला, टायर त्याच्यावरून धप्पकन उतरलं, जू हातभर पुढे आलं आणि तोताराम गुडघ्यावर गेला. त्याने दोन्ही तळवे लाकडाला लावले आणि लोटलं. आडवं झोपून लोटायचा तसं, डोळे मिटून. दुसरा दगड लागला. तिसरा. मागच्या गाड्यांतली माणसं काय झालं बघायला खाली उड्या मारायला लागली, वजन उतरलं, साखळदंड कडाडले, आणि गाड्या थांबल्या.

ढोल एकदम थांबले नाहीत. एकेक करत थांबले. शेवटचा ढोलवाला बराच वेळ एकटाच वाजवत होता, मग त्याच्याही लक्षात आलं.

"आडन्यात," कोणीतरी म्हणालं. "गाड्या आडन्यात."

बायकांनी तोंडावर पदर घेतले. एक म्हातारी रडायला लागली. पाच हातांवर देऊळ होतं, घंटा दिसत होती. तोताराम गुडघ्यावर होता तसाच राहिला. चाक त्याच्या मांडीपासून वीतभर होतं, काळं, गरम, रबराचा वास येत होता. जिवंत आहे, त्याच्या मनात आलं, आणि लगेच दुसरी भीती पहिलीच्या जागेवर येऊन बसली. आता पुढे काय?

गर्दी फाकली. कुबडीचा आवाज आला. ठक, ठक. अभिमन दगडांपाशी थांबला, एकेक दगड कुबडीने हलवून बघितला. नवल दोन पावलं मागे सरकला.

"भाऊ..." तोताराम म्हणाला.

"हात दखाड."

तोतारामने तळवे पुढे केले. अभिमनने वाकून, कुबडी काखेत धरून, अंगठ्याने ते दाबून बघितले. बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते, कडक, लोखंडाचे.

"हाई काय सुईना घट्टा नहीत."

"जिम लायी, भाऊ. दिवाळीपासून."

अभिमनच्या नाकपुड्या फुगल्या. तो उताराकडे बघायला लागला. टाकीपासून देवळापर्यंत, सावकाश, जसं कोणी शेत बघतं. मग स्वतःच्या पायाकडे बघितलं. मग गाडीतल्या त्या बाईकडे. तिचं तान्हं आता जागं होऊन रडत होतं.

"उतरा," तो म्हणाला.

कोणी हललं नाही.

"उतरा म्हनं ना खाले, बठ्ठा!" गावाला भगताचा तो आवाज माहीत होता. "गाड्या आडन्या नहीत. भगत दम खाई र्‍हायना. देव काय पळी चालना का? दोर आना. मांगेथून धरा, आनि रिकाम्या जाऊ द्या."

"पण आबा, ही रीत..." गर्दीतून कोणी म्हातारा बोलला.

"रीतना टाईमले काँक्रिट व्हतं का?" अभिमन म्हणाला.

रिकाम्या गाड्या देवळाला लागल्या. मागे दोर धरून अर्धं गाव, पुढे जू धरून तोताराम. भंडारा उधळला, पण हात आखडता. प्रसाद वाटला, लोकांनी घेतला, आणि खाता खाता एकमेकांकडे बघत राहिले.

हे वर्ष अजून सरलेलं नाही. वैशाखात कोणाची म्हैस दगावली तर ओट्यावर तोतारामचं नाव निघालं. एका पोराला ताप आला तर त्याची आजी रत्नाच्या दारावरून मान फिरवून गेली. पाऊस लांबला की तोताराम मशीनवर बसल्या बसल्या आभाळाकडे बघत राहतो. भीती काही गेली नाही. ती आता घरचीच झाली आहे.

पण टी-शर्ट बाहेर वाळतो. रत्नानेच एक दिवस उचलून अंगणातल्या दोरीवर टाकला, दोन चिमटे लावून, गल्लीला दिसेल असा. परवा अभिमन कुबडी टेकत आला, त्या टी-शर्टाखाली खाट ओढून बसला. बराच वेळ उगाच कापसाच्या भावाचं बोलला. मग उजवा खांदा चोळत, भिंतीकडे बघत म्हणाला, "तो धुळाना हसीब... खांदानं बी काही करस का?"

भाविका आतून ओरडली, "करतात आबा! रविवारी चला!"

"मी कोठे जास म्हनी र्‍हायनू," अभिमन म्हणाला. "इचारं फक्त."

रविवारी सकाळच्या एसटीत मात्र तीन जागा धरल्या गेल्या. खिडकीची अभिमनला, कुबडीसाठी.